आधी घोडे दाखवा

"बसलेली गाय उठते तेव्हा आधी पुढचे पाय उचलते की मागचे?"

माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलेला हा पहिला आणि शेवटचा प्रश्न. मी बी.कॉम. झाले होते, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, गल्लोगल्ली निघालेल्या कॉम्प्युटर क्लासांपैकी एकात तीन महिने घालवले होते आणि आयात-निर्यातीच्या पुस्तकातली पंचवीस पानं पाठ करून आले होते. कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या कचराकुंडीपाशी एक गाय यायची, पण ती मी पाहावं तेव्हा उभीच असायची. मी छातीठोकपणे सांगितलं, "चारही एकदम."

समोरच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला, मला नीट न्याहाळलं आणि शेजारी बसलेल्या मालकांना म्हणाले, "घ्या हिला. काही माहीत नसताना इतक्या ठामपणे सांगते. सरकारी कागद हीच नीट करील."

ते आमचे डॉक्टर. कंपनीत सगळे त्यांना एवढंच म्हणत. जनावरांचे डॉक्टर. पशुसंवर्धन खात्यात उभी हयात काढून निवृत्त झाले होते आणि आता हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या कंपनीत सल्लागार म्हणून रोज सकाळी साडेनऊला स्कूटरवरून येत. कंपनी जनावरांची औषधं बनवायची. देशाचे दरवाजे उघडलेत असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती, तेव्हा आमच्या मालकांनी त्या दरवाजातून सर्वांत आधी जंताच्या गोळ्या बाहेर पाठवल्या. मग मलमं, मग कॅल्शियमची इंजेक्शनं, आणि पुढे घोड्यांसाठीचं ते स्टेरॉइडचं इंजेक्शन, ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसले आहे.

डॉक्टर मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय कॉमर्स, आज कुठल्या देशाची गुरं आजारी आहेत?" असं विचारत ते आत येत. आल्यावर आधी कॉम्प्युटरच्या पाठीवर तळहात ठेवून तो तापलाय का ते बघत. तापला असला तर म्हणत, "उठवू नकोस. पडू दे तासभर." दुपारच्या जेवणाला ते रवंथ म्हणत आणि त्या अर्ध्या तासात त्यांच्याशी बोललेलं त्यांना चालत नसे. एकदा खुद्द मालक जेवणाच्या वेळी कसलीशी घाई घेऊन आले, तर डॉक्टरांनी तोंडातला घास शांतपणे संपवला, पाणी प्यायले, डबा पुसला, झाकण लावलं आणि मग म्हणाले, "हं. आता सांगा, कोण मेलं?"

माणसांना ते जनावरांसारखंच तपासत. नवा माणूस आला की त्याची चाल बघत, डोळे बघत, आणि तो गेल्यावर दोन शब्दांत निकाल देत. "उजव्या मागच्या पायात दम नाही." मालकांच्या मेव्हण्याबद्दल ते असं म्हणाले होते आणि तो मेव्हणा खरोखरच पुढे कुठल्याही धंद्यात फार दिवस उभा राहिला नाही. माझ्याबद्दल काय म्हणाले होते ते मला कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणत, "तुझं चाललंय ठीक. चारा खातेस ना?"

पण त्यांची खरी तऱ्हा ऑर्डरच्या कागदावर दिसायची. परदेशातून ऑर्डर आली की आम्ही सगळे बाटल्या मोजायचो. डॉक्टर जनावरं मोजायचे. त्यांच्या टेबलावर शाळेतल्या पोरांचा असतो तसला एक नकाशांचा जुना संच होता, अप्पा बळवंत चौकातल्या पदपथावर घेतलेला. त्यात देशादेशांवर त्यांनी पेन्सिलीनं गाई, शेळ्या, उंट, घोडे असे आकडे टिपलेले. ऑर्डर आली की त्यांचा हिशेब सुरू. "एका गाईला इतकी मात्रा, म्हणजे ह्या बाटल्या अमुक इतक्या गाईंच्या. इतक्या गाई तिथे आहेत का? असल्या तर सगळ्या एकदमच आजारी आहेत का? आणि असल्या तर आपण औषध पाठवायचं की सांत्वनाचं पत्र?"

आणि मग ते कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहीत: जनावरे दाखवा.

ह्या दोन शब्दी शेऱ्यानं मालकांचं रक्त आटत असे. कारण माल बाहेर जायचा तर कागदावर डॉक्टरांची सही लागायची. हे औषध जनावरांसाठीच जात आहे अशी खातरजमा कंपनीच्या जाणत्या माणसानं केली आहे, असं लिहून द्यावं लागे. बाकीच्या परवानग्यांची तर बातच सोडा. एका खात्यात गेलं की ते म्हणायचे, हे औषध आहे, दुसऱ्या खात्यात जा. दुसऱ्यात गेलं की ते म्हणायचे, हे जनावरांचं आहे, पहिल्या खात्यात जा. दोन्हीकडे पाच-पाच प्रती लागत आणि दोन्हीकडे पाचवी प्रत फिकी आहे म्हणून परत देत. मी एकदा वैतागून म्हणाले, "ह्यांना कुणी विचारणारं नाही का?" डॉक्टर म्हणाले, "अगं, ते कागद बघायला बसलेत, कागद बघतात. घोडा बघायचं काम माझं आहे."

हा पाहण्याचा नाद त्यांना नोकरीत लागला होता. कर्ज काढून घेतलेल्या म्हशींचा विमा असायचा. म्हैस मेली की डॉक्टरांनी जाऊन पाहायचं, दाखला द्यायचा. एका गावात एकाच माणसाची म्हैस दोन वर्षांत चार वेळा मेली. तिसऱ्या वेळेला गोठ्यातल्या जिवंत म्हशीच्या कपाळावरचा भोवरा डॉक्टरांना ओळखीचा वाटला. चौथ्या वेळेला ते पेढ्यांचा पुडा घेऊन गेले. "म्हटलं, पाटील, अभिनंदन. अशी म्हैस आख्ख्या जिल्ह्यात नाही. मरते आणि दुसऱ्या दिवशी दूध देते." पाटलांनी आधी नाही-नाही केलं, मग पेढा खाल्ला, मग म्हैस दाखवली. डॉक्टर सांगत, प्रत्येक जनावराच्या कपाळावर, मानेवर केसांचे भोवरे असतात, आणि दोन जनावरांचे भोवरे कधी सारखे नसतात. रंग लावता येतो, शिंग कापता येतं, भोवरा कुठे नेणार?

आता घोड्यांकडे येते.

हे इंजेक्शन आजारानं खंगलेल्या घोड्याच्या अंगावर मांस धरावं म्हणून देतात. घोड्यासाठी ठीक. पण ते माणसानं टोचून घेतलं तर महिन्या-दोन महिन्यांत दंड फुगतात, छाती रुंदावते, आणि आत यकृत, हृदय सगळ्यांचे हाल होतात. जगभर व्यायामशाळांतून त्याचा चोरटा धंदा चालतो, हे मला डॉक्टरांनीच पहिल्या आठवड्यात सांगून ठेवलं होतं. म्हणून ह्या एका औषधाच्या बाबतीत सरकारही कडक होतं आणि डॉक्टर सरकारहून कडक.

मुंबईच्या एका एजंटानं एका लांबच्या बेटावरची ऑर्डर आणली. पहिली ऑर्डर लहान होती, नमुन्यादाखल. डॉक्टरांनी नेहमीसारखं लिहिलं: घोडे दाखवा. तिकडून तिथल्या एका पशुवैद्याचं पत्र आलं. पत्रात पन्नास-साठ घोड्यांची नावं होती आणि त्यातल्या एका घोडीला झालेल्या पोटशुळाचं वर्णन होतं. ती कशी लोळायची, कशी मागे वळून स्वतःच्या कुशीकडे बघायची, पहाटे तिनं पहिल्यांदा लीद टाकली तेव्हा तबेल्यातली माणसं कशी एकमेकांच्या गळ्यात पडली. डॉक्टरांनी ते पत्र मला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मधेच थांबून चष्मा पुसला. "असा पोटशूळ खोट्या माणसाला लिहिता यायचा नाही, कॉमर्स," म्हणाले आणि सही करून टाकली. माल गेला.

चार महिन्यांनी दुसरी ऑर्डर आली. ही पहिलीच्या कितीतरी पट होती. मालक इतके खूश की त्यांनी सगळ्यांना मस्तानी पाजली. त्याच आठवड्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "ही ऑर्डर गेली की तुम्हाला कायम करतो. आणि पॅकिंगचा हॉलही चालू राहील. नाहीतर, खरं सांगतो, दिवाळीनंतर सहा बायकांना घरी पाठवावं लागेल. जंताच्या गोळ्यांवर आता काही भागत नाही."

पॅकिंगच्या हॉलमध्ये बारा बायका होत्या, आसपासच्या गावांतून चालत येणाऱ्या. बाटलीला लेबल लावायचं, खोक्यात भरायची, चिठ्ठी टाकायची. त्यांच्यातल्या शेवंताबाई सगळ्यांत जुन्या. त्यांनी लावलेलं लेबल पट्टी लावून तपासावं इतकं सरळ असायचं, आणि दुसरीनं वाकडं लावलं तर त्या नखानं काढून पुन्हा लावत. घरी पाठवायच्या सहा जणी कोण हे मालकांनी सांगितलं नव्हतं, पण वय झालेल्या आधी जाणार हे सगळ्यांना कळत होतं.

डॉक्टरांनी नकाशा उघडला. ते बेट म्हणजे निळ्या पानावर पडलेला एक ठिपका. त्यांनी हिशेब केला आणि म्हणाले, "दोन हजार घोडे. ह्या ठिपक्यावर दोन हजार घोडे उभे केले तर माणसांना होडीत राहावं लागेल." आणि लाल शाईनं लिहिलं: घोडे दाखवा.

ह्या वेळेला एजंटानं फॅक्सनं फोटो पाठवले. फॅक्समधून आलेले सगळे घोडे काळेकुट्ट. डॉक्टर म्हणाले, "सगळे मृत आहेत. इलाज नाही." मग कुरियरनं रंगीत फोटोंचा अल्बम आला. चाळीस घोडे, लग्नाच्या अल्बमासारखे प्लॅस्टिकच्या पानांत बसवलेले.

तीन दिवस डॉक्टर भिंग घेऊन त्या अल्बमावर वाकलेले होते. भोवरे टिपत होते, कपाळावरचे पांढरे टिळे काढून घेत होते. मला त्यांनी पायांचे पांढरे मोजे, म्हणजे खुरांवरचे पांढरे पट्टे, लिहायला बसवलं. पुढचा डावा पांढरा, मागचा उजवा पांढरा, असं माझं चाललं होतं, आणि मनातून मी त्यांच्यावर चिडले होते. मला कायम व्हायचं होतं. रोज स्वारगेटला बस बदलून, लोंबकळत हडपसरला येणाऱ्या मुलीला बेटावरच्या घोड्यांच्या मोज्यांशी काय करायचं होतं?

तिसऱ्या दिवशी दुपारी ते एकदम हसायला लागले. एक फोटो माझ्यासमोर धरला. "ह्या घोड्यामागचं पोतं बघ." पोत्यावर काहीतरी छापलेलं होतं, पण वाचता येत नव्हतं. "आरशात धर." मी पर्समधला आरसा काढला. आरशात अक्षरं सुलटी झाली. पाठवणाऱ्यांनी फोटोच उलटा छापला होता, म्हणजे डाव्या पायाचा मोजा उजव्या पायात जाऊन नवा घोडा तयार व्हावा.

"चाळीस फोटो," डॉक्टर म्हणाले, "अकरा घोडे. हा एक तर सहा वेळा आलाय. बिचारा दमलेला दिसतोय शेवटच्या फोटोत."

मालकांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायलाच हवं. म्हणाले, "अहो डॉक्टर, पहिला माल गेला की नाही नीट? मग? कुणाचा तबेला किती मोठा, आपण कशाला डोकावायचं? सरकारची परवानगी आहे."

"सरकारनं अल्बम पाहिलाय का?"

"आपण कमाल करता. सरकार कशाला अल्बम बघेल?"

"म्हणूनच मी बघतो," डॉक्टर म्हणाले. पण त्यांनी नाही असं लिहिलं नाही. सोमवारपर्यंत विचार करतो, म्हणाले. मालकांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि लगेच लेबलं चिकटवायला सांगितली.

डॉक्टर विचार करत होते हे खरं होतं. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. रवंथाच्या वेळी त्यांचा डबा तसाच उघडा असायचा. एकदा त्यांनी पेनचं टोपण काढलं, सहीच्या जागेवर पेन टेकवलं आणि पुन्हा टोपण लावलं. "सहा बायका," ते स्वतःशीच म्हणाले. मला वाटलं, आता करतील. मी देवाला हात जोडले, हे कबूल करते.

शनिवारी शेवंताबाई आल्या. ऑफिसात त्या कधी यायच्या नाहीत. दारातच चप्पल काढून उभ्या राहिल्या.

"डाक्टर, सही करा की."

"बसा, शेवंताबाई."

"बसत न्हाई. हातातलं काम टाकून आलीया. सायेब म्हनत्यात, तुमी सही केली तर समद्या ऱ्हात्याल. न्हाई तर सहा जनी जानार. मी त्यात पयली हाय, मला म्हाईत हाय. माजं कसं बी चालंल, पर त्या चंपीची ल्हान ल्हान पोरं हायती."

डॉक्टर पेनाचं टोपण काढू-लावू लागले. त्यांना अवघडलेलं बघून शेवंताबाईंनाच वाईट वाटलं असावं, म्हणून त्यांनी विषय जरा गोड केला.

"माजा धाकटा आता लागला की कामाला. त्या नव्या आयटीच्या बिल्डिंगीत, गेटावर गार्ड हाय. आदी घेतच न्हवते, काडी हाय म्हनायचे. आता असा झालाय," त्यांनी दोन्ही हात लांब पसरून दाखवले, "दारातनं आडवा यावं लागतं. तुमच्या औषदाचाच गुन हाय, डाक्टर."

"आमच्या औषधाचा?"

"तर काय! जिमवाला सुई देतो त्याला. घरी बाटली आनली व्हती, मी बगितल्या बगितल्या वळखली. निळं टोपान, आन् लेबल तर माज्याच हातचं, जरा बी वाकडं न्हाई. तो भेत व्हता. मी म्हनलं, घे बिनघोर, आपल्याच कंपनीचं हाय. डाक्टर बगून पाठवत्यात, ते वंगाळ असंल का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"शेवंताबाई," ते अगदी हळू म्हणाले, "ती रिकामी बाटली घरी असली तर घेऊन या. आत्ता. हजेरी बुडणार नाही, मी बघतो. आणि त्याला सांगा, पुन्हा सुई घ्यायची नाही. एकसुद्धा नाही."

शेवंताबाई तासाभरात बाटली घेऊन आल्या. पदराच्या टोकाला बांधून. मी रजिस्टर काढलं, बॅचचा नंबर ताडून पाहिला. पहिल्या ऑर्डरचा होता. कागदोपत्री जो माल बेटावर पोचला होता, ज्याची सगळी कागदपत्रं मी स्वतः टाइप केली होती, तो फिरून आमच्या गेटापासून दीड मैलावर आला होता. कागद तेवढे जहाजात चढले होते. माल मुंबईहून टेम्पोनं परत.

डॉक्टर ती बाटली बोटांत फिरवत बसले. म्हणाले, "त्यानं पोटशूळ फार सुंदर लिहिला होता गं."

मी त्या दिवशी जे बोलले ते आठवलं की अजून लाज वाटते. म्हणाले, "डॉक्टर, ह्या बाटलीचा नंबर आपण दोघांनीच पाहिला आहे. दुसऱ्या ऑर्डरवर सही करू नका, झालं. पहिलीचं आता कशाला उकरायचं? सही तुमची आहे त्याच्यावर."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "कागद घाल मशिनीत," एवढंच म्हणाले.

पत्र सरकारी खात्याला होतं. छोटंसं. अमुक बॅचचा माल परदेशी गेलेला नाही, इथेच विकला जात आहे, त्याची रिकामी बाटली सोबत जोडली आहे, माल जनावरांसाठी जात असल्याची खातरजमा मी केली होती, ती नीट केली नाही. मी टाइप करत होते आणि मला अक्षरं दिसत नव्हती. मालक आत आले, मागे उभं राहून वाचलं आणि खुर्चीत बसले.

"डॉक्टर, तुमचीच सही आहे. तुम्हीच अडकाल."

"म्हणून तर पत्र मी लिहितोय. तुमची असती तर तुम्हाला लिहायला लावलं असतं."

"कंपनीवर टाळं आलं तर?"

"त्या औषधावर येईल. जंताच्या गोळ्यांवर कशाला येईल? जंत कुठे बेटावर राहतात?"

मालक हसले नाहीत, पण त्यांनी पत्र अडवलंही नाही. खाली जाऊन त्यांनी एजंटाला फोन लावला आणि इतक्या मोठ्यानं बोलले की पॅकिंगच्या बायका हॉलच्या दाराशी गोळा झाल्या. पुणेरी माणूस इतका मोठ्यानं बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं.

रविवारी डॉक्टर स्कूटरवरून शेवंताबाईंच्या घरी गेले. आधी मला घ्यायला कर्वेनगरात आले. "मी एकटा गेलो तर निम्मं बोलून परत येईन," म्हणाले. धाकटा दारातून खरोखर आडवा होऊन बाहेर आला. बावीस वर्षांचा मुलगा, चेहऱ्यावर पुटकुळ्या आलेल्या, डोळे पिवळट. डॉक्टरांनी त्याला उजेडात बसवलं, पापणी खाली ओढली, जीभ काढायला लावली, बरगडीखाली हात दाबून पाहिला. त्याला म्हणाले, "मी जनावरांचा डॉक्टर आहे. तू माणूस आहेस. उद्या माझ्या ओळखीच्या माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. मी येतो बरोबर." मग शेवंताबाईंकडे वळले आणि सांगून टाकलं. ते औषध काय आहे, कुणासाठी आहे, कसं आलं. "आणि ते बाहेर जाऊ दे असं लिहून सही केली ती मी."

मला वाटलं, शेवंताबाई रडतील किंवा शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "आन् घे म्हनली ती मी." मग उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. परत येताना डॉक्टरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्यानं, असं ते म्हणाले. स्कूटर ताशी वीसच्या वर कधी जात नसे.

मुलाच्या यकृताला सूज होती. वेळेवर थांबला, निभावलं. गार्डची नोकरी मात्र गेली, कारण दोन-तीन महिन्यांत तो पुन्हा काडी झाला. पुढे त्यानं टेम्पो चालवायला घेतला.

सरकारी खात्याची दोन माणसं आली. आमचं रजिस्टर नेलं, जिमवर जाऊन पेटीभर बाटल्या नेल्या, एजंटाचं ऑफिस बघायला मुंबईला गेली तर तिथे आता साड्यांचं दुकान होतं. डॉक्टरांना चौकशी होईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करायची बंदी झाली, आणि आमचं ते औषध बंद. चिकटवलेली सगळी लेबलं बाटल्यांवरून काढून, मोजून, खात्याच्या माणसांसमोर जाळायची असा हुकूम निघाला. हजारो बाटल्या. मालकांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "बरं. निदान महिनाभर हॉलला काम आहे." मला कायम करण्याचा विषय नंतर वर्षभर निघाला नाही.

शेवंताबाई आठवडाभर आल्या नव्हत्या. लेबलं काढायला सुरुवात झाली त्या सोमवारी आल्या, डबा ठेवला आणि गरम पाण्याच्या पातेल्याशी बसल्या. डॉक्टरही आले. सही करायची बंदी होती, यायची नव्हती. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि शेवंताबाईंच्या समोर स्टुलावर बसले. एक बाटली भिजवायची, नखानं कड सोडवायची, लेबल ओढायचं. डॉक्टरांचं लेबल दर वेळेला मधेच फाटत होतं. शेवंताबाई न बोलता त्यांच्या हातातून बाटली घेत, उरलेला तुकडा काढून परत देत. बाकीच्या बायका बघून न बघितल्यासारखं करत होत्या.

तासभरानं शेवंताबाईंनी एक अख्खं लेबल तळहातावर पसरलं आणि डॉक्टरांपुढे धरलं.

"ह्येच्यावर काय लिवलंय, वाचा बरं एकदा."

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. लेबल इंग्रजीत होतं. त्यांनी मराठीत सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. "फक्त घोड्यांसाठी. माणसांना देऊ नये."

"असं लिवलंय व्हय?"

"हो."

शेवंताबाईंनी ते लेबल उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"नऊ वरसं झाली, मी लेबलं चिकटवती हितं," त्या म्हणाल्या. "कुनी सांगितलंच न्हाई."

डॉक्टरांनी पुढची बाटली पाण्यात बुडवली. ते इंग्रजी मला पहिल्या दिवसापासून वाचता येत होतं.